‘मेटा’: एका ग्रीक उपसर्गाची कुळकथा

भाषेच्या संसारांत उपसर्ग हा दिसावयास लहान, परंतु करणीनें मोठा असा घटक आहे. एकट्या ‘वद्’ धातूचेंच उदाहरण घ्या. त्याच्या आधीं ‘सम्’ बसला कीं संवाद होतो, ‘वि’ बसला कीं विवाद होतो. ‘अप’नें अपवाद, ‘प्र’नें प्रवाद आणि ‘अनु’नें अनुवाद होतो. धातु तोच, पण घरांत सलोखा आहे कीं भांडण, हें पुढें बसलेलें एक अक्षर ठरवितें. ग्रीक भाषा ही संस्कृतची दूरची बहीण. तिच्याहि घरीं उपसर्गांचा कारभार असाच चालतो. आपला ‘परि’ तिकडे ‘पेरि’ आहे, ‘प्र’ तिकडे ‘प्रो’, ‘अप’ तिकडे ‘आपो’, ‘उप’ तिकडे ‘हुपो’ आणि ‘उपरि’ तिकडे ‘हुपेर’. ‘दुस्’ तर जवळजवळ तसाच राहिला आहे, आणि नकारार्थी ‘अ’ व ‘अन्’ दोन्हीं घरीं एकच. या मंडळींपैकीं ज्याला आपल्याकडे असा सरळ जुळा भाऊ नाहीं, त्या ‘मेटा’ची कुळकथा आज वाचकांस सांगण्याचें योजिलें आहे. त्याचा मूळ ग्रीक उच्चार ‘मेता’ असा. इंग्रजीच्या दारानें तो आपल्याकडे ‘मेटा’ होऊन आला.

घरोघरच्या विद्यार्थ्यांना हा उपसर्ग निरनिराळ्या विषयांत निरनिराळ्या वेषानें भेटतो. भूगोलांत ‘मेटामॉर्फिक’ खडक, शरीरशास्त्रांत ‘मेटॅबॉलिझम’, वाङ्मयांत ‘मेटॅफर’, तत्त्वज्ञानांत ‘मेटाफिजिक्स’. ‘मेथड’ आणि ‘मीटिऑर’ या शब्दांतहि तोच दडलेला आहे. पुढील स्वराशीं संधि झाल्यामुळें त्याचा शेवटचा ‘आ’ गळून पडला आहे, इतकेंच. अलीकडे तर फेसबुक व व्हॉट्सॲप ज्या कंपनीच्या मालकीचीं आहेत, तिनें २८ ऑक्टोबर २०२१ रोजीं स्वतःचें नांवच ‘मेटा’ असें ठेविलें, आणि हा शब्द आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांच्या डोळ्यांपुढें आला. त्याचा अर्थ विचारला असतां बहुधा एकच उत्तर मिळतें: ‘मेटा म्हणजे पलीकडचें’. हें उत्तर खोटें नाहीं. परंतु या उपसर्गाच्या अर्थांत तें सर्वांत धाकटें आहे. तेवढ्या भांडवलावर ‘मेटामॉर्फिक’ खडक उलगडत नाहीं, ‘मेथड’ उलगडत नाहीं, आणि आमच्या बुलढाणा जिल्ह्याचें भूषण जें लोणारचें सरोवर, त्याच्या जन्माशीं निगडित असलेला ‘मीटिऑर’ हा शब्दहि उलगडत नाहीं. म्हणून थोडें मुळाशीं गेलें पाहिजे.

ग्रीक भाषेंत ‘मेटा’ हा आपल्या ‘सह’, ‘विना’, ‘अनु’ यांच्यासारखा स्वतंत्रपणेंहि वावरणारा शब्द होता. शेजारचें नाम कोणत्या विभक्तींत आहे, यावर त्याचा अर्थ ठरे. षष्ठीशीं योग झाला तर ‘सोबत’. द्वितीयेशीं योग झाला तर ‘मागून’ किंवा ‘नंतर’. ज्यांनीं संस्कृत व्याकरण वाचलें आहे त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. पाणिनीनें ज्यांना कर्मप्रवचनीय अशी संज्ञा दिली, त्यांतील ‘अनु’ हाहि द्वितीयेच्या संगतीनें ‘मागोमाग’ असाच अर्थ दाखवितो. ‘सोबत’ आणि ‘मागून’ हे दोन अर्थ एकाच शब्दाच्या पोटांत कसे आले, हेंहि समजण्यासारखें आहे. मंडळींत असणें, मंडळींत जाऊन मिळणें, मिळण्यासाठीं त्यांच्या मागें लागणें, आणि मग नुसतें मागून येणें, अशी ही पायरीपायरीची उतरण आहे. जर्मन भाषेंतील ‘मिट्’, म्हणजे ‘बरोबर’, हा ‘मेटा’चा सगोत्र मानला जातो. येथें संस्कृतज्ञांना एक मोह होतो, तो टाळावा: ‘मेटा’ म्हणजेच आपला ‘मध्य’ असें कानाला वाटतें, परंतु ‘मध्य’चा खरा ग्रीक भाऊ ‘मेसोस्’ होय. दोन नद्यांमधील प्रदेश जो मेसोपोटेमिया, त्याच्या नांवांत तो बसलेला आहे.

‘मागें लागणें’ या अर्थाचें उत्तम उदाहरण ‘मेथड’ हें होय. ‘होडोस्’ म्हणजे वाट. शोधावयाच्या वस्तूच्या मागें ज्या वाटेनें जावयाचें, ती ‘मेथोडोस्’. आपण त्यास ‘पद्धति’ म्हणतों. पद्धति म्हणजे पायांनीं तुडवून तुडवून पडलेली वाट. ‘पद’ आणि ‘हति’ मिळून तो शब्द झाला आहे. दोन भाषांनीं एकमेकींस न विचारतां एकाच वस्तूला वाटेचें नांव द्यावें, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

आतां दुसरा अर्थ. एका स्थितीच्या मागून दुसरी स्थिति आली, म्हणजे पालट झाला. म्हणून धातूशीं वा नामाशीं जोडलेला ‘मेटा’ बहुधा ‘बदल’ दाखवूं लागला, आणि ग्रीक शब्दांचें फार मोठें कुटुंब या अर्थावर उभें आहे. आमच्या मतें या अर्थाचा मराठींत एक नेमका प्रतिनिधि आहे. मात्र तो शब्दाच्या पुढें न बसतां मागें बसतो. तो म्हणजे ‘अंतर’. संस्कृतांत समासाच्या शेवटीं येणारा ‘अंतर’ हा ‘दुसरा, निराळा’ असा अर्थ देतो. रूपांतर म्हणजे दुसरें रूप, देशांतर म्हणजे दुसरा देश, भाषांतर म्हणजे दुसरी भाषा. ग्रीक शब्द यांच्याशेजारीं ठेवून पाहावे. ‘मॉर्फे’ म्हणजे रूप. सुरवंटाचें फुलपांखरूं होतें तें ‘मेटामॉर्फोसिस’, आपलें रूपांतर. ‘फ्रासिस’ म्हणजे बोलणें. ग्रीक लोक भाषांतराला आजहि ‘मेटाफ्रासि’ म्हणतात. ‘थेसिस’ म्हणजे ठेवणें, आणि त्यांतील धातु आपल्या ‘धा’चा भाऊ आहे, अक्षरांची जागा बदलली तर तें ‘मेटाथेसिस’, म्हणजे स्थानांतर. वैयाकरण त्यास वर्णविपर्यय म्हणतात. ‘हिंस्’पासून ‘सिंह’ झाला असें आपली परंपरा सांगते तें याच न्यायानें. वाराणसीचें बनारस झालें आणि खेडोपाडीं ‘नुकसाना’चें ‘नुस्कान’ होतें, तेंहि याच न्यायानें. ‘प्सुखे’ म्हणजे जीव. जीव एका देहांतून दुसऱ्यांत जातो हें मत पायथागोरसाच्या अनुयायांत होतें, आणि त्याला पुढें ‘मेटेम्प्सिकोसिस’ असें नांव मिळालें. आपल्याकडे देहांतर हा शब्द त्यासाठीं तयारच आहे.

‘मेटॅफर’ची हकीकत याहून रंजक आहे. त्यांतील ‘फेरेइन’ हा धातु म्हणजे आपला ‘भृ’, वाहणें. एका वस्तूचें नांव उचलून दुसरीवर नेऊन ठेवणें, तो मेटॅफर. आजच्या ग्रीस देशांत बिऱ्हाड हलविणाऱ्या मालमोटारींवर हाच शब्द अनेकवचनांत लिहिलेला असतो. तेथें त्याचा साधा अर्थ ‘सामानाची ने-आण’ असा आहे. मन पालटणें म्हणजे ‘मेटानोइया’. बायबलाच्या मराठी भाषांतरांत या ठिकाणीं ‘पश्चात्ताप’ शब्द योजिला आहे. त्यांतील ‘पश्चात्’ म्हणजे ‘मागून’, हें ध्यानांत घेतलें म्हणजे पालट आणि मागून येणें या दोन अर्थांचें सख्य पुन्हां दिसून येतें.

हेंच सख्य मराठींत अधिक घरगुती रीतीनें दिसतें. आपण रोज बोलतों तो ‘नंतर’ हा शब्द संस्कृत ‘अनंतर’ याचें झिजलेलें रूप आहे. ‘अनंतर’ म्हणजे ज्यांत मध्यें खंड नाहीं, लागलीच मागून येणारें. म्हणजे ‘मेटा’चा पहिला अर्थ सांगावयाचा तर आपण ‘नंतर’ म्हणतों, आणि दुसरा सांगावयाचा तर शब्दाच्या शेवटीं ‘-अंतर’ लावितों. त्यांचे दोन अर्थ एका ‘मेटा’नें वाहिले, आपले तेच दोन अर्थ एका ‘अंतर’ शब्दानें वाहिले.

एवढें व्याकरण झाल्यावर वाचकांस आमच्या जिल्ह्यांतील लोणार येथें नेतों. कारण या उपसर्गाचे दोन शब्द तेथें एकाच खळग्यांत सांपडतात. लोणारचें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें असून कांठापासून तळ्यापर्यंत त्याची खोली सुमारें १३७ मीटर आहे. तळाशीं खारें व क्षारयुक्त पाणी आहे; ‘लवण’ शब्दाशीं गांवाच्या नांवाचा संबंध उघडच आहे. लवणासुर येथें राहत होता व विष्णूनें त्याचा वध केला, अशी स्थलपुराणाची कथा आहे, आणि गांवांतील दैत्यसूदनाचें जुनें कोरीव देऊळ तिची आठवण देत उभें आहे. जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादींत २०२० सालीं या सरोवराचा समावेश झाला. हें विवर उल्कापातानें झालें, हें आतां शाळकरी मुलालाहि ठाऊक असतें, आणि तें ‘मीटिऑर’ हा शब्द सहज उच्चारतें. परंतु त्या शब्दांत उल्का कोठेंच नाहीं.

‘मीटिऑर’ हा ग्रीक ‘मेटेओरोस्’ याचा वंशज. ‘मेटा’ आणि ‘उचलणें’ या अर्थाचा धातु यांचा तो संयोग. अर्थ असा: जमिनीवरून उचललेलें, उंच लटकलेलें. मराठींत ‘अधांतरीं असलेलें’ म्हटलें म्हणजे तो नेमका साधतो, आणि या शब्दांतहि कानाला ‘अंतर’ ऐकूं येतोच. अरिस्टॉटलच्या ‘मीटिऑरॉलॉजिका’ या ग्रंथांत पाऊस, गारा, वारा, वीज, धूमकेतु आणि तुटणारे तारे या सर्वांचा विचार एकत्र आहे. कारण त्याच्या मतें तीं सर्व अधांतरींचींच प्रकरणें. म्हणूनच १८७५ सालीं स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या इंग्रजी नांवांत ‘मीटिऑर’ आहे, आणि तें खातें उल्कांचा नव्हे, तर पावसाचा अंदाज सांगतें. विद्यार्थी याबद्दल नेहमीं गोंधळतात. आमच्या शिक्षकी पेशांत हा प्रश्न आम्हांस अनेकदां विचारला गेला आहे. आपल्याकडेहि वर्गीकरण फार निराळें नव्हतें. वराहमिहिरानें बृहत्संहितेंत उल्कांचे पांच प्रकार सांगितले आहेत: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत् आणि तारा. आकाशांतून पडणारी वीज आणि उल्का यांस त्यानेंहि एकाच कुटुंबांत घातलें. पुढें इंग्रजींत ‘मीटिऑर’चा अर्थ आकसत आकसत तुटणाऱ्या ताऱ्यावर येऊन थांबला, आणि हवामानशास्त्राच्या नांवांत मात्र जुना विस्तृत अर्थ तसाच राहिला.

लोणारच्या विवराची उत्पत्ति ठरविण्यास दीडशें वर्षें लागलीं. अलेक्झांडर नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें १८२३ सालीं या स्थळाची नोंद केली. भोंवतालचा सारा दगड काळा बसाल्ट, म्हणजे लाव्हारस थिजून झालेला. तेव्हां हा ज्वालामुखीचाच उद्योग असावा असें वाटणें स्वाभाविक होतें. शिवाय आकाशांतून दगड पडतात ही गोष्ट पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनींहि १८०० सालाच्या आगेमागेंच मान्य केली होती. अमेरिकन भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यानें १८९६ सालीं ॲरिझोनांतील प्रसिद्ध विवराचा विचार करतांना लोणारचें साम्य दाखविलें. १९६४ सालीं लाफाँड व डीट्झ यांनीं उल्कापाताची शक्यता मांडली, आणि १९७३ सालीं फ्रेड्रिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् यांच्या संशोधनानें ती पक्की झाली.

हा निकाल ज्या पुराव्यावर लागला, त्याच्या नांवांत आपला उपसर्ग दुसऱ्यांदा येतो. त्यास ‘शॉक मेटामॉर्फिझम’ म्हणतात. आघातानें झालेलें रूपांतर. प्रचंड वेगानें आलेला पाषाण आदळला म्हणजे क्षणार्धांत असा दाब पडतो कीं बसाल्टांतील फेल्स्पार या खनिजाच्या स्फटिकांची आंतील रचना मोडते आणि त्याची कांच होते. या कांचेस मॅस्केलिनाइट म्हणतात. ज्वालामुखीच्या अंगीं असा दाब देण्याचें सामर्थ्य नसतें. हें द्रव्य प्रथम ओळखलें गेलें तेंहि आपल्याच देशांत पडलेल्या एका पाषाणांत: बिहारांतील शेरघाटी येथें २५ ऑगस्ट १८६५ रोजीं पडलेल्या अशनींत १८७२ सालीं तें चेर्माक यानें दाखविलें. तेंच लोणारच्या विवरांतील दगडांत सांपडलें, तेव्हां वादाचा निर्णय झाला. विवराचें वय मात्र पद्धतीगणिक निराळें निघालें आहे. एका रीतीनें सुमारें ५० हजार वर्षें, तर नंतरच्या दुसऱ्या रीतीनें सुमारें ५ लाख ७० हजार वर्षें. असो. अधांतरींचें आलें आणि खालच्याचें रूपांतर झालें, एवढें लोणारचें सार. आणि या वाक्याचे दोन्ही भाग ‘मेटा’नें लिहिलेले आहेत. ‘पलीकडचें’ हा अर्थ दोहोंपैकीं कोठेंहि लागत नाहीं.

मग तो अर्थ आला कोठून? तर ग्रंथांच्या मांडणींतून. इ. स. पूर्वीं पहिल्या शतकांत ऱ्होड्सचा अँड्रोनिकस यानें अरिस्टॉटलच्या ग्रंथांची व्यवस्था लाविली, असें मानतात. निसर्गविषयक ग्रंथांस ‘फिजिका’ म्हणत. त्यांच्या मागून, मांडणींत नंतर, सत्ता, कारण, ईश्वर यांचा विचार करणारे प्रबंध आले. त्यांस नांव पडलें ‘मेटा ता फिजिका’, म्हणजे ‘फिजिकाच्या नंतरचे’. येथें ‘मेटा’ आपल्या साध्या, जुन्या अर्थानें द्वितीयेबरोबर आलेला आहे. परंतु त्या प्रबंधांचा विषय असा गहन, कीं पुढील वाचकांनीं ‘नंतरचें’ याचा अर्थ ‘निसर्गाच्या पलीकडचें’ असा लाविला. एका ग्रंथराशीचा क्रम एका शास्त्राचें नांव झाला, आणि त्या नांवानें उपसर्गाला नवा अर्थ मिळवून दिला.

विसाव्या शतकांत या अर्थाला आणखी एक अंकुर फुटला. गणिताचें स्वरूप तपासणारें गणित तें ‘मेटामॅथेमॅटिक्स’, भाषेविषयीं बोलणारी भाषा ती ‘मेटालँग्वेज’, माहितीविषयींची माहिती तो ‘मेटाडेटा’. १९९२ सालीं नील स्टीफन्सन या कादंबरीकारानें ‘मेटाव्हर्स’ हा शब्द घडविला. ही कल्पना कितीहि आधुनिक वाटली, तरी आपल्या वैयाकरणांस ती अपरिचित नव्हती. पाणिनीच्या अष्टाध्यायींत शब्द सिद्ध करणारे नियम आहेत, तसे त्या नियमांनीं कसें वागावें हें सांगणारेहि नियम आहेत. दोन नियमांचा विरोध आला तर नंतरचा प्रबळ मानावा, हा त्यांपैकीं एक. नियमांविषयींच्या अशा नियमांस परिभाषा म्हणतात, आणि आजचे पाश्चात्त्य पंडित त्यांचें भाषांतर ‘मेटारूल’ असेंच करितात. नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर हा याच विषयावरील ग्रंथ. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत अध्यापन करीत असतां डॉ. कीलहॉर्न यांनीं १८६८ ते १८७४ या काळांत तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. ‘मेट’नें आरंभ होणारा प्रत्येक शब्द ‘मेटा’च्या कुळांतला नव्हे. मुंबईंत २०१४ पासून व नागपुरांत २०१९ पासून धांवणारी ‘मेट्रो’ ही ‘मेट्रोपोलिस’चें लघुरूप. त्यांतील ‘मेटेर’ म्हणजे आपली ‘मातृ’ आणि ‘पोलिस’ म्हणजे आपलें ‘पुर्’. सरळ अर्थ मातृपुर. लांबी मोजणारा ‘मीटर’ हा ‘मा’, म्हणजे मोजणें, या धातूच्या घरचा, आपल्या मात्रेचा नातलग. ‘मेटल’ हा खाणीच्या ग्रीक नांवावरून आला. नांवाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून गोत्र ठरवूं नये, हें येथेंहि खरें.

या सर्व कथनाचें प्रयोजन केवळ बौद्धिक करमणूक हें नाहीं. मराठींत नवे शास्त्रीय शब्द रोज घडत आहेत व घडले पाहिजेत. त्या कामीं परकी उपसर्गाला एकच ठरीव मराठी उपसर्ग चिकटविण्याची रीत सोपी वाटते. परंतु ती फसवी आहे. समजा, ‘मेटा’ म्हणजे ‘अधि’ असें एकदां ठरविलें. ‘मेटालँग्वेज’ला अधिभाषा म्हटलें तर तें शोभतें. पण त्याच मापानें ‘मेटाफिजिक्स’ला अधिभौतिकी म्हटलें, तर ज्यांच्या कानांवर आधिभौतिक, आधिदैविक, आध्यात्मिक ही त्रयी आहे, त्यांना तो शब्द नेमका उलट अर्थ सांगेल; कारण आधिभौतिक म्हणजे पंचमहाभूतांसंबंधींचें, निसर्गाच्या पलीकडचें नव्हे. आणि खडकाला ‘अधिरूप’ म्हटलें तर अर्थच उरणार नाहीं. याउलट ‘मेटॅबॉलिझम’साठीं ज्यांनीं चयापचय हा शब्द रूढ केला, त्यांनीं उपसर्गाच्या मागें न लागतां क्रिया पाहिली. शरीरांत कांहीं सांठतें, कांहीं झिजतें. चय आणि अपचय. ग्रीक शब्द नुसता ‘पालट’ म्हणून थांबतो, तर मराठी शब्द पालट कसा होतो तेंहि सांगतो. रूपांतरित खडक हा शब्दहि असाच नेमका आहे.

म्हणून घरांतील वडीलधाऱ्यांस आमची एवढीच सूचना आहे. मूल ‘मेटा’चा एखादा नवा शब्द घेऊन आलें, तर त्यास अर्थाची एकच गोळी देऊं नये. तीन प्रश्न विचारावे: येथें कांहीं मागून येत आहे काय? कांहीं पालटत आहे काय? कीं एखादी गोष्ट स्वतःकडेच वरून पाहत आहे? तिहींपैकीं एक उत्तर बहुधा जुळतें. आणि पहिल्या दोहोंपैकीं जुळलें, तर ‘नंतर’ व ‘रूपांतर’ हे मराठी शब्द त्याच्या हातीं द्यावे. परकी शब्द आपल्या शब्दाच्या शेजारीं बसविला म्हणजे तो पाठ करावा लागत नाहीं, आणि आपला शब्दहि, जो रोजच्या वापरानें गुळगुळीत झालेला असतो, त्यास पुन्हां अर्थ येतो.